हिरो हसवायला बसतो तेव्हा

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो तो कुडाळ तालुक्यातल्या कसालला. या पट्ट्यात जत्रांचा हंगाम लागला की रात्र-रात्र दशावतार चालतो आणि त्यात लोकांना आधी हसवतो तो संकासुर. काळा वेश, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ! तो मालवणीत टोले हाणतो, भटाची फिरकी घेतो, गावच्या मानकऱ्यांनाही सोडत नाही. पण कथा काय सांगते? याचा गुन्हा, याने वेद पळवले. शिक्षा, विष्णूच्या हातून मरण. शंबूकाला मिळालेला न्याय आठवावा असाच हा न्याय! आधी त्याच्या बोलण्यावर पोटभर हसायचे, मग त्याच्या मरणाला हात जोडायचे.

हे आठवायचे कारण म्हणजे वाहिन्यांवरचे विनोदी कार्यक्रम. तिथे हल्ली हसवणाऱ्यापेक्षा मोठा असतो तो पाहुणा. पडद्यावर एकटा वीस जणांना लोळवणारा हिरो खुर्चीत बसतो, आपल्या नव्या चित्रपटाची जाहिरात करतो आणि जाताना साऱ्या विनोदाला मान्यता देऊन जातो.

ही पद्धत अमेरिकेतली. तिथे १९७५ पासून ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा प्रहसनांचा कार्यक्रम चालतो आणि दर भागाला नवा पाहुणा सूत्रधार असतो. एप्रिल १९९१ मध्ये मारधाडपटांचा नट स्टीव्हन सीगल याला ती जागा मिळाली. पडद्यावर हाडे मोडणाऱ्या या वीराला स्वतःवर हसणे काही जमेना! कलावंतांशी त्याचे पटले नाही, पुन्हा त्याला बोलावणे आले नाही. आजही त्या कार्यक्रमाच्या सर्वांत वाईट सूत्रधारांत त्याचे नाव घेतात.

आपल्याकडे २०१७ साली स्टार प्लसवरच्या ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’मध्ये अक्षय कुमार मुख्य परीक्षक होता. त्यात राजस्थानचा श्याम रंगीला पंतप्रधान मोदींची नक्कल घेऊन आला. चित्रीकरण झाले, पण ती नक्कल वाहिनीवर दिसलीच नाही! लोकांनी ती पाहिली ती बाहेर फुटलेल्या चित्रफितीतून. पुढे एप्रिल २०१९ मध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीत, याच अक्षय कुमारने पंतप्रधानांची ‘अराजकीय’ मुलाखत घेतली. आंबे कसे खाता, हा तिथला प्रश्न! नक्कल कापण्याचा निर्णय हिरोचा होता असे आमचे म्हणणे नाही. पण सत्तेवर हसू नये, एवढे त्या मंचावर कोणालातरी नेमके कळत होते.

मग हसायचे कोणावर? ते मात्र मोकळे असते. रणदीप हुडा या नटाने २०१२ साली एका कार्यक्रमात बहन मायावतींवर गलिच्छ ‘विनोद’ सांगितला. चार वेळा मुख्यमंत्री झालेल्या बहुजन नेत्यावर! समोरचे लोक हसले. ती चित्रफीत मे २०२१ मध्ये गाजली, तेव्हा कुठे ओरड झाली. स्थलांतरित वन्यजीवांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने त्याला दूतपदावरून काढले. आपल्या चित्रपटसृष्टीला नऊ वर्षांत जे सुचले नाही, ते जर्मनीतल्या बॉनच्या कचेरीने केले! डिसेंबर २०१७ मध्ये सलमान खान आणि शिल्पा शेट्टी यांच्या तोंडचा जातिवाचक शब्द असाच गाजला. वाल्मीकी समाज राजस्थानात रस्त्यावर उतरला. शिल्पा शेट्टीने दिलगिरी व्यक्त केली. पण ज्या मंचावर तो शब्द सहज तोंडी येतो, त्या मंचाला कोणी जाब विचारला?

आपल्या मराठी वाहिन्याही यातून सुटत नाहीत. काळा रंग, जाडेपण, साडी नेसलेला पुरुष, गावाकडची बोली, यांवर विनोद उभे राहतात. पोटजात आणि पुरोहित मात्र क्वचितच विनोदात येतात. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने १९३० च्या दशकात नेमके उलटे केले होते. त्यांच्या बतावणीत अंधश्रद्धा आणि अस्पृश्यता पाळणारा हास्यास्पद ठरायचा, अस्पृश्य नव्हे. प्रेक्षक गरीब होता, मंडप साधा होता. हसण्याची दिशा मात्र बरोबर होती.

त्याच अमेरिकी कार्यक्रमात डिसेंबर १९७५ मध्ये रिचर्ड प्रायर हा काळा विनोदवीर सूत्रधार म्हणून आला. धास्तावलेल्या वाहिनीने प्रक्षेपण काही सेकंद मागे ठेवले. प्रायरची अट होती, पॉल मूनी हा आपला काळा लेखक घ्या. मूनीने लिहिलेल्या प्रहसनात गोरा अधिकारी नोकरीच्या मुलाखतीत वंशवाचक शिव्या देत जातो आणि प्रायर एकेकीला उत्तर देतो. शेवटी घाम फुटतो तो अधिकाऱ्यालाच! पाहुण्याने लेखक सोबत आणला, म्हणून हे घडले.

आपल्या वाहिनीवर हिरो येईल तेव्हा त्याच्याकडे फार पाहू नका. कार्यक्रम संपल्यावर नावांची पाटी भराभर सरकते. त्यातली ‘लेखन’ ही ओळ तेवढी थांबवून वाचा.