मारुती आठशेला चाक कोणते?

सातारा आणि सांगलीकडे अशी बरीच घरे आहेत, जिथे दारातली चारचाकी अजून मारुती आठशेच आहे. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत कारखान्यातून निघायची थांबली. अब्बांनी फंडाच्या पैशातून घेतलेली गाडी आज मुलगा चालवतो. अम्मीला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचे, ईदला बहिणीकडे जायचे, लग्नाची खरेदी आणायची, सगळे तिच्यावरच. इंजिन कुरकुरत नाही, पत्राही बरा असतो. चाकांच्या डिस्क मात्र गंजतात, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर आपटून त्यांच्या कडा वाकतात. मग प्रश्न येतो, नवी चाके कोणती घालायची?

आमच्या भाच्याने उत्तर आधीच शोधून ठेवले होते. सांगलीतल्या जुन्या मालाच्या एका दुकानात सँट्रोची चार चकचकीत अलॉय चाके त्याने पसंत केली होती. "मामू, तिकडं चार नट, इकडं बी चार नट. बसणारच की!" आम्ही वर्गातली कंपासपेटी घेऊन त्याच्याबरोबर गेलो.

चाकावर चार भोके आहेत एवढे पाहून काही ठरत नाही. ती चार भोके ज्या वर्तुळावर असतात, त्या वर्तुळाचा व्यास पाहायचा. मिस्त्री लोक त्याला पीसीडी म्हणतात. चार भोकांच्या चाकात हे मोजणे सोपे: समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टी धरा. मध्य नेमका सापडत नसेल तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, उत्तर तेच येते. आठशेचे हे माप ११४.३ मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंच. सँट्रोचे १००. स्विफ्टचेही १००. प्रत्येक भोक सात मिलिमीटरने आत. नॅनोचे टायर आठशेसारखेच १२ इंची, पण तिचे चाक तीनच नटांवर बसते, म्हणजे तोही रस्ता बंद.

दुकानदार म्हणाला, "सर, भोकं जरा वाढवून देतो." हे वाक्य ऐकले की तिथून निघावे. लांबट केलेल्या भोकात नटाचा उतार नीट टेकत नाही. चाक मधोमध बसत नाही, सारा भार बोल्टवर येतो आणि नट हळूहळू सैल होतात. शिवाय सुझुकीच्या गाड्यांच्या बोल्टचे आटे सव्वा मिलिमीटरचे, ह्युंदाईचे दीड मिलिमीटरचे. सँट्रोचे नट आठशेच्या बोल्टवर दोन फेरे फिरतील आणि मग आटे खाऊन टाकतील. मधे चकती घालून पीसीडी बदलून देणारेही भेटतात. घरची माणसे बसणार असलेल्या गाडीत आम्ही ती घालणार नाही.

पीसीडी जुळली तरी दुसरे माप उरते, ऑफसेट. चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती आत किंवा बाहेर आहे, ते हे माप. ते चुकले की चाक मडगार्डच्या बाहेर येते किंवा आत घासते, बेअरिंगवर जादा ताण पडतो, स्टिअरिंग जड होते. रिकाम्या गाडीत हे कळत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी एक चाक पुढे आणि एक मागे लावून बघा, चार-पाच जणांना गाडीत बसवा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

आता टायर. आठशेच्या टायरवर १४५/७० आर १२ असे लिहिलेले असते. १४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या सत्तर टक्के, आणि १२ हा डिस्कचा इंचातला व्यास. आठवीच्या मुलाला गणित घालण्याजोगे आहे: १२ इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची उंची मिळून २०३. चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर.

हा आकार प्रत्येक दुकानात मिळत नाही. मग टायरवाला जुन्या अल्टोचा १४५/८० आर १२ पुढे करतो. तो डिस्कवर चढतो खरा, पण व्यास भरतो ५३७. म्हणजे जवळजवळ सहा टक्के मोठे चाक. काटा ६० दाखवत असताना गाडी साधारण ६३-६४ ने धावत असते. ७९६ सीसीच्या इंजिनाला खंबाटकी किंवा यवतेश्वरचा घाट चढताना आणखी खालचा गिअर मागावा लागतो आणि उतरताना ब्रेकवर जोर वाढतो. खड्ड्यांतून गाडी उंच राहते म्हणून काही जण मुद्दाम हेच टायर घालतात. घाटातून माणसे भरून जाणाऱ्याने तसे करू नये, असे आमचे मत आहे. दोन दिवस थांबून योग्य मापाचा टायर मागवून घ्यावा.

टायर घेताना बाजूवर चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला माल. दुकानात नवा दिसणारा टायर चार-पाच वर्षे पडून असू शकतो. ६९ हा भारांक म्हणजे एका टायरला ३२५ किलोपर्यंत भार. त्याहून कमी आकड्याचा घेऊ नका. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी नव्याने करायला आरटीओत न्याल, तेव्हाही टायर बघितले जातात. खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही.

भाच्याला शेवटी आम्ही आठशेच्याच लोखंडी डिस्क घ्यायला लावल्या. दिसायला साध्या, पण खड्ड्यात वाकल्या तर ठोकून सरळ करता येतात. अलॉयला चीर पडते आणि वेल्डिंग केलेल्या अलॉयवर आमचा भरवसा नाही. जुनी डिस्क घेत असाल तर टायर बसतो त्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात सांगलीतल्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. वरून रंग मारलेला असतो आणि कडेला गंजाने खड्डे पडलेले असतात. तिथून हवा जात राहते. ट्यूबलेस टायर घालायचा तर कडेच्या आत गोल उंचवटा आहे का तेही पाहा. नसेल तर ट्यूब घालूनच वापरा.

चाके बसवताना नट आधी हाताने फिरवा. घट्ट होईपर्यंत नऊ-दहा फेरे पूर्ण व्हायला हवेत. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, आणि गाडी जमिनीवर उतरवून पुन्हा एकदा. साताऱ्याहून सांगलीला निघाला असाल तर कराडला चहाला थांबाल तेव्हा, चाके निवल्यावर, पाना काढून चारही चाकांचे नट परत तपासा.