वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर : हळू खाणे आणि घोट घोट पिणे कसे शिकावे?

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, टाके भरत आले, वजनही उतरू लागले. तरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बरेच रुग्ण एकच तक्रार घेऊन येतात : "डॉक्टर, दोन घास खाल्ले आणि छातीत अडकल्यासारखे झाले. मग उलटी झाली." चौकशी केली की बहुतेक वेळा कळते, पदार्थ योग्य होता, प्रमाणही योग्य होते, पण तो घाईघाईत खाल्ला होता.

सीवूड्समध्ये राहणाऱ्यांच्या बाबतीत हे सहज घडू शकते. सकाळी सीवूड्स स्थानकावरून सीएसएमटीची लोकल गाठायची म्हणून नाश्ता पाच मिनिटांत उरकायचा. ऑफिसमध्ये काम करता करता डबा संपवायचा. पाणी आठवेल तेव्हा एकदम बाटलीभर प्यायचे आणि रात्री उशिरा टीव्हीसमोर मोठे जेवण. ही वर्षानुवर्षांची सवय शस्त्रक्रियेने जात नाही. जठर मात्र एका दिवसात बदलते. म्हणून हळू खाणे हा वेगळा सराव आहे आणि तो रुग्णाबरोबर घरच्यांनाही शिकावा लागतो.

2011 मध्ये भाजपचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा महाराष्ट्रात तिची बरीच चर्चा झाली. आज ती अनेकांना ऐकून माहीत असते. चर्चा मात्र किती किलो उतरले याचीच होते. रोजचा घास कसा घ्यायचा हे रुग्णाला डिस्चार्जच्या दिवशी घाईत सांगितले जाते आणि घरी पोहोचेपर्यंत त्यातले निम्मे विसरले जाते.

जठरात नेमका काय बदल होतो?

नेहमीचे जठर पिशवीसारखे असते. आपण जेवतो तसे ते सैल होऊन फुगते, त्यामुळे भरभर खाल्लेले अन्नही त्यात मावते.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. सर्वात जास्त ताणला जाणारा वरचा भागही त्यात जातो. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. तिच्यात साधारण 100 ते 150 मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका कपाइतकेच मावते.

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे 30 मिलिलिटरची लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. या जोडाचे तोंड अरुंद असते. न चावलेला मोठा घास तिथे अडकू शकतो.

दोन्ही प्रकारांत पहिले काही आठवडे आतल्या भागाला सूज असते, त्यामुळे जागा आणखी कमी होते. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायलाही साधारण 20 मिनिटे लागतात. पाच मिनिटांत जेवण उरकले, तर जागा भरून गेल्यावरही आपण खातच राहतो.

पहिले दोन महिने : टप्पे कोणते?

तुमच्या सर्जनने आणि आहारतज्ज्ञाने दिलेला तक्ताच पाळावा. सर्वसाधारण क्रम असा असतो :

- पहिले एक-दोन दिवस : पाणी, गाळलेले वरणाचे पाणी, पातळ गाळलेले सूप.
- त्यानंतर साधारण दुसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत : ताक, दूध, डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर, पातळ पेज.
- तिसरा आणि चौथा आठवडा : मिक्सरमधून काढलेले घट्ट वरण, दही, घोटलेली मुगाची खिचडी, गुठळी न राहू देता केलेले नाचणीचे सत्त्व.
- पाचव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत : मऊ अंडे, कुस्करलेले पनीर, मऊ शिजवलेली भाजी, काटे काढलेला मऊ मासा.
- त्यानंतर : हळूहळू घरचे नेहमीचे जेवण, लहान प्रमाणात.

चपाती, भाकरी, मोकळा भात, चिकट साबुदाणा आणि चिवट मटण यांचा गोळा होऊन ते अडकण्याची शक्यता जास्त असते. हे पदार्थ शेवटी आणि एकेक करून सुरू करावेत. घरात मासे रोज होत असतील, तर पापलेट किंवा ओले बोंबील मऊ शिजतात, पण कालवण तिखट नको आणि प्रत्येक घासातला काटा बघून काढावा.

घास कसा घ्यावा?

- जेवायला बसताना 20 ते 30 मिनिटे मोकळी ठेवा. अर्ध्या तासानंतर ताटलीत काही उरले तर ते राहू द्या.
- मोठ्या ताटाऐवजी लहान ताटली आणि बाळाचा चमचा वापरा.
- घास हरभऱ्याच्या दाण्याएवढा घ्या. तो 20 ते 30 वेळा चावा आणि तोंडात पेज झाल्यावरच गिळा.
- प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवा. पुढचा घास साधारण एक मिनिटाने.
- आधी प्रथिने खा : वरण, अंडे, पनीर, दही, मासा. मग भाजी. भात किंवा चपाती शेवटी. बहुतेक रुग्णांना दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनांचे उद्दिष्ट दिले जाते. कमी जागेत ते बसवायचे तर हा क्रम पाळावा लागतो.
- मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवा. लक्ष दुसरीकडे गेले की चावणे कमी होते.

पोट भरले हे कसे ओळखावे?

पूर्वीसारखे पोट टम्म झाल्याचे आता जाणवणार नाही. खुणा वेगळ्या असतात : छातीच्या मध्यभागी घट्टपणा, उचकी, ढेकर, नाकातून पाणी येणे, तोंडाला एकदम पाणी सुटणे. यातली पहिली खूण दिसली की थांबा. "ताटात टाकायचे नाही" म्हणून घेतलेला एक जास्तीचा घासच बहुतेक वेळा उलटी करवतो.

घास अडकल्यासारखा वाटला तर तो खाली ढकलण्यासाठी पाणी पिऊ नका. पाणी वर साचते आणि त्रास वाढतो. उठून उभे राहा, सावकाश चाला. थोड्या वेळात आराम पडला तर पुढचे काही तास फक्त घोट घोट पातळ पदार्थ घ्या. आराम पडला नाही, लाळही गिळता येईना, तर रुग्णालयात जा.

पाणी जेवणाबरोबर का नको?

जागा कपभर असेल आणि त्यातली निम्मी पाण्याने भरली, तर अन्नाला जागा उरत नाही. स्लीव्हनंतर त्यामुळे जळजळ आणि उलटी होते. बायपासनंतर पाण्याबरोबर अन्न वेगाने आतड्यात उतरते आणि थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते. म्हणून जेवताना पाणी नको आणि जेवणानंतर 30 मिनिटे थांबा.

मग दिवसाचे पाणी पूर्ण कसे होणार? साधे गणित करून पाहा. दर पाच मिनिटांनी 15 मिलिलिटर, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या मापातले तीन चहाचे चमचे, घेतले तर तासाला 180 मिलिलिटर होतात. दीड लिटर पाणी पोटात जायला आठ तास वीस मिनिटे लागतात. दुपारी आठवण आली आणि एकदम भरून काढले, असे आता करता येत नाही. सुरुवात सकाळी उठल्यापासूनच हवी. दिवसाला दीड ते दोन लिटर हे सर्वसाधारण उद्दिष्ट आहे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

आपल्याकडे बाटली तोंडाला न लावता वरून पाणी ओतून पिण्याची पद्धत आहे. शस्त्रक्रियेनंतर ती सोडावी लागते. तसे पिताना मोठे घोट जातात आणि त्यांच्याबरोबर हवाही गिळली जाते. स्वतःची वेगळी बाटली ठेवा आणि ओठ लावून लहान घोट घ्या. स्ट्रॉ, सोडा आणि कोल्ड ड्रिंक टाळा.

कामावर परतल्यावर

सीवूड्सहून सीएसएमटीपर्यंत लोकलने जवळपास तासभर जातो. गर्दीत उभे राहून दर पाच मिनिटांनी घोट घेणे जमत नाही. जाताना आणि येताना मिळून दोन तास, म्हणजे साधारण 360 मिलिलिटर पाणी कमी पडते. यावर उपाय आधीच ठरवा. उठल्यावर लगेच घोट सुरू करा, नाश्ता घरी अर्धा तास देऊन करा आणि त्यासाठी गजर अर्धा तास आधीचा लावा. गाडीत घास खाऊ नका. ऑफिसमध्ये दुपारी सलग अर्धा तास मिळेल अशी वेळ मागून घ्या. मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात घाम जास्त जातो, तेव्हा लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवा. ती गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे.

गोड, सण आणि उपवास

विशेषतः बायपासनंतर गोड पदार्थ भरभर खाल्ले, तर 10 ते 30 मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उतरून चक्कर येते. गणपतीत प्रसाद नाकारायचा नसेल तर मोदकाचा कण घ्यावा, अख्खा मोदक नको. एकादशी, नवरात्र किंवा रमजानचे उपवास पहिल्या काही महिन्यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नयेत. निर्जळी उपवास तर मुळीच नको.

घरच्यांनी काय करावे?

आपल्याकडे प्रेम आग्रहातून दिसते. "अगं, एवढंच? अजून एक घास घे," असे सासूबाई म्हणतात आणि सुनेला नाही म्हणता येत नाही. त्या एका घासामुळे पुढचा तास ती बेसिनपाशी उभी असते. घरच्यांसाठी चार सूचना :

- किती खाल्ले हे विचारण्याऐवजी "सावकाश होऊ दे" असे म्हणा.
- रुग्णाबरोबर जेवायला बसा आणि त्याचे होईपर्यंत उठू नका. सगळे उठून गेले की त्याला घाई होते.
- पहिले दोन महिने त्याचे जेवण वेगळ्या लहान भांड्यात काढून ठेवा.
- उलटी झाली की रागावू नका. वेळ, पदार्थ आणि कितव्या मिनिटाला त्रास झाला हे वहीत लिहा. तपासणीच्या वेळी ही वही फार उपयोगी पडते.

गोळ्यांबाबत

मोठ्या गोळ्याही अडकू शकतात. कोणती गोळी तोडून किंवा कुटून घेता येते हे डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्या कुटल्या तर धोका होतो. मधुमेह आणि रक्तदाबाच्या औषधांची गरज शस्त्रक्रियेनंतर लवकर कमी होऊ शकते. जुन्याच प्रमाणात औषध घेत राहिल्यास साखर किंवा रक्तदाब एकदम उतरतो. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या वजन उतरल्यावरही बंद करायच्या नसतात.

हळू खाऊनही उलट्या होत असतील तर?

"माझेच चुकते आहे" असे समजून अनेक रुग्ण आठवडेच्या आठवडे उलट्या सहन करतात. हे धोक्याचे आहे. नीट चावून, सावकाश खाऊनही उलट्या होत असतील, तर जोडाचे तोंड आकसलेले असू शकते किंवा स्लीव्हची नळी मध्येच अरुंद झालेली असू शकते. याचे निदान दुर्बिणीने होते आणि बहुतेक वेळा उपचारही दुर्बिणीतूनच करता येतात.

शरीरातला थायमिनचा, म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाचा साठा साधारण दोन-तीन आठवडेच पुरतो. सतत उलट्या झाल्या तर तो संपतो आणि मेंदूला व नसांना इजा होऊ शकते. एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे, पायांना मुंग्या येणे ही त्याची लक्षणे आहेत. वेळेवर थायमिन दिले नाही तर ही इजा कायमची राहू शकते. जवळच्या दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आली, तर "माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायचे का?" हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

लगेच रुग्णालयात कधी जावे?

- शांत बसलेले असताना नाडी मिनिटाला 100 च्या वर राहत असेल, ताप किंवा थंडी असेल.
- पोटात वाढत जाणारी वेदना किंवा डाव्या खांद्यात दुखणे.
- धाप लागणे, छातीत दुखणे, एका पायाच्या पोटरीला सूज.
- पाण्याचे घोटही दिवसभर टिकत नसतील, लघवी फार कमी होत असेल, उभे राहताना चक्कर येत असेल.
- उलटीत रक्त किंवा काळी शी.
- वर सांगितलेली थायमिनच्या कमतरतेची लक्षणे.

शक्यतो शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयातच जा. ते दूर असेल आणि प्रकृती जास्त बिघडली असेल, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, जवळचे रुग्णालय गाठा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.

पहिले काही आठवडे घड्याळ बघून जेवणे कंटाळवाणे वाटते. बहुतेकांना दोन-तीन महिन्यांत हा वेग अंगवळणी पडतो. तोपर्यंत घास लहान, घोट लहान आणि शंका आली की डॉक्टरांना फोन, हे तीन नियम लक्षात ठेवा.