सागवानी जहाज, पण प्रतिकृती सागाची नको

मुंबई गोदीत वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका 1817 मध्ये पाण्यात उतरली; आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे. तिची प्रतिकृती करताना मात्र साग टाळावा. 1:48 या रूढ प्रमाणात त्याच्या जाड रेषा दोरखंडाएवढ्या दिसतात. बारीक रेषांचे पेअर किंवा बॉक्सवुड उत्तम. किटमध्ये बहुधा बासवुड आणि अक्रोड मिळतो.

खरी कसोटी फळ्या बसवण्याची. आधी कण्यावर आडवे साचे उभे करून त्यांच्या कडा पॉलिश पेपरने तिरप्या घासतात. यात घाई केली की पुढे प्रत्येक फळी उठून बसते. नाळेकडे जाणारी फळी रंध्याने निमुळती करायची, पाण्यात भिजवायची आणि गरम सोल्डरिंग आयर्नवर हळूहळू वाकवायची. चिकटवायला पांढरा फेविकॉलच बरा. झटपट गोंद सोयीचा खरा, पण चुकलेली फळी मग सरकत नाही, आणि त्याचा डाग पडला की तिथे पॉलिश लागत नाही.

रंधा आणि सोल्डरिंग आयर्नखेरीज हत्यारे थोडीच लागतात: धारदार कटर, बारीक कानस, चिमटे, हातड्रिल आणि भरपूर कपड्यांचे चिमटे.

रंग अ‍ॅक्रिलिक, बिनचकाकीचा, पातळ करून तीन-चार हातांत द्यावा. तळाला तांब्याची चिकट पट्टी लावतात. डोलकाठ्यांचा दोरा मेणावरून ओढून घ्यावा, म्हणजे त्याची लव बसते.

पहिल्याच खेपेला तीन डोलकाठ्यांचे जहाज घेऊ नका; एका शिडाची होडी आधी पूर्ण करा.