वार्षिक संकल्प आणि खिशातले दप्तर : गैरसमज व वस्तुस्थिती

वर्षारंभी संकल्प करण्याची रूढी जुनी. त्या संकल्पांसाठी मोबाइलवर एखादे ॲप उतरवून घेण्याची रूढी मात्र गेल्या दीड-दोन दशकांतली. २००७ साली टुडूइस्ट, २००८ साली एव्हरनोट, २०१३ साली गूगल कीप आणि २०१६ साली नोशन अशी ही साधने एकामागून एक लोकांपुढे आली, आणि पूर्वी जे काम डायरी, भिंतीवरचे कालनिर्णय व घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची स्मरणशक्ती या तिघांत वाटलेले असे, ते एका पडद्यावर येऊन बसले. ही साधने केवळ वेळ खातात असे मानणारा एक पक्ष आहे आणि तीच आपले आयुष्य मार्गी लावतील असे मानणारा दुसरा. परंतु दोहोंच्या समजुतीत एक चूक समान आहे, ती ही की दोघेही दप्तराला कारभारी समजतात. नोंद जपणे, मागितल्यावर ती हजर करणे आणि मुदत भरली की तगादा लावणे एवढेच दप्तराचे काम; कोणते काम हाती घ्यावे, किती घ्यावे आणि कोणते सोडून द्यावे हा अखत्यार मालकाचाच राहतो. पुढील बहुतेक गैरसमज या एका घोटाळ्यातूनच उद्भवलेले आहेत.

गैरसमज १ : ध्येय लिहून ठेवले की निम्मे काम झाले.

या समजुतीच्या पुष्ट्यर्थ एक कथा हमखास सांगितली जाते. येल विद्यापीठातून १९५३ साली पदवी घेतलेल्यांपैकी केवळ ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येये लेखी नोंदवली होती, आणि वीस वर्षांनी पाहता त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून अधिक भरली, अशी ती कथा. भाषणांतून आणि पुस्तकांतून फिरत राहिलेल्या या सर्वेक्षणाचा माग काढला गेला तेव्हा असे सर्वेक्षण कधी झालेच नव्हते असे निष्पन्न झाले, आणि खुद्द विद्यापीठानेही तसा खुलासा केला आहे.

वस्तुस्थिती : फरक पडतो तो लिहिल्याने नव्हे, तर काय लिहिले आहे त्याने. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले की, ‘मला अमुक साधायचे आहे’ एवढ्या इच्छेपेक्षा ‘अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन’ असा प्रसंगाला बांधलेला निश्चय कितीतरी अधिक फलदायी ठरतो; २००६ साली त्यांनी व पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातही हा परिणाम ठळकपणे दिसून आला. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर ‘यंदा ज्ञानेश्वरी वाचणे’ ही नोंद केवळ मनोरथ होय. ‘सकाळचा चहा झाला की, वर्तमानपत्र उघडण्यापूर्वी, पंचवीस ओव्या’ ही नोंद मात्र कामाची.

येथे एक सूक्ष्म धोका लक्षात ठेवण्यासारखा आहे. अपुरे राहिलेले काम मनात घोळत राहते, हे ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ साली बर्लिनमधील प्रयोगांवरून मांडले. २०११ साली मासिकाम्पो व बाउमायस्टर या संशोधकांना असे आढळले की, काम पूर्ण न करताही त्याची नेमकी योजना आखली तरी ते घोळणे थांबते. हा योजनेचा गुण, आणि हीच तिची मोहिनीही. कारण यादी पूर्ण झाल्यावर जे समाधान वाटते ते मनावरचे ओझे उतरल्याचे असते, पण आपण ते काम पुढे सरकल्याचे समजतो, आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी सुंदर रंगीत तक्ते सजवून बसलेला मनुष्य मार्चपर्यंत त्यांकडे ढुंकूनही पाहत नाही.

गैरसमज २ : एका उत्तम ॲपमध्ये सर्व काही एकत्र टाकले की व्यवस्था लागली.

वस्तुस्थिती : काम आणि टिपण या भिन्न जातीच्या नोंदी आहेत. कामाला मुदत असते, ते एकदा व्हायचे असते आणि झाले की यादीतून जायचे असते. टिपणाला मुदत नसते, ते वाढत जाते आणि त्याचे मोल पुन्हा सापडण्यात असते. ‘पंचवीस ओव्या’ हे काम. वाचताना अडलेला शब्द, सुचलेली शंका, एखाद्या जाणकाराने सांगितलेला अर्थ हे टिपण. ही दोन्ही एकाच यादीत कोंबली की कामे टिपणांखाली दडपतात आणि टिपणे न झालेल्या कामांसारखी डोळ्यांपुढे टोचत राहतात. वार्षिक ध्येय तर या दोहोंपैकी कशातच बसत नाही. त्याला टुडूइस्टसारख्या कामांच्या ॲपमध्ये ३१ डिसेंबरची मुदत घालून ठेवणे म्हणजे ते अकरा महिने नजरेआड करणे होय. ध्येयाचे एक स्वतंत्र टिपण असावे, त्यात ते का हवे, कितपत हवे आणि झाले हे कशावरून ओळखायचे एवढा मजकूर असावा, आणि त्यातून निघणारी चालू आठवड्याची कामे तेवढी यादीत उतरावीत. यासाठी दोन ॲपे घ्यावीत की एकाच ॲपचे दोन कप्पे करावेत, हा प्रश्न दुय्यम आहे.

गैरसमज ३ : वर्षाचे बारा समान हप्ते पाडले की योजना झाली.

वस्तुस्थिती : समान हप्ते गणिताला सोयीचे, कामे मात्र क्वचितच समान असतात. ज्ञानेश्वरीचे अध्याय अठरा, तेव्हा महिन्याला दीड अध्याय, म्हणजे प्रत्येक अध्यायाला सुमारे वीस दिवस, असा हिशेब कोणीही सहज करील. परंतु पाचव्या अध्यायात सुमारे १८० ओव्या आहेत आणि अठराव्यात सुमारे १,८००. म्हणजे एके काळी रोज नऊ ओव्या वाचून निश्चिंत राहिलेल्या वाचकाला वर्षाच्या अखेरीस आल्यावर रोज नव्वद वाचाव्या लागतील, आणि तो आपल्या निग्रहाला दोष देत ग्रंथ मिटून ठेवील, वास्तविक दोष त्याच्या मोजणीच्या मापाचा असताही. संपूर्ण ग्रंथाच्या सुमारे ९,००० ओव्या लक्षात घेऊन माप अध्यायाचे न धरता ओवीचे धरले, तर रोज पंचवीसप्रमाणे ३६० दिवसांत तोच ग्रंथ पार पडतो.

माप बरोबर असूनही अंदाज चुकतोच. कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या या मानवी प्रवृत्तीला डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली नाव दिले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवसांचा अंदाज सांगितला आणि प्रत्यक्षात ५५ दिवस लागले, इतकेच नव्हे तर ‘सर्व काही बिघडले तर’ म्हणून त्यांनी सांगितलेली सुमारे ४९ दिवसांची मुदतही अपुरी ठरली. या दोषावर ॲपकडे एक उपाय असतो, तो म्हणजे पूर्ण झालेल्या कामांची नोंद. पुष्कळ लोक ती रद्दी समजून पुसून टाकतात. खरे तर गतवर्षी आपण किती ठरवले आणि किती केले याचा तोच एक विश्वसनीय पुरावा आहे, आणि नव्या वर्षाचा मसुदा उमेदीवरून न करता त्या पुराव्यावरून करणे श्रेयस्कर. सगळ्या वर्षाचा तपशील आधीच भरण्याचीही गरज नाही. पुढील तीन महिने तपशीलवार आणि उरलेले नऊ स्थूल रूपरेषेत, एवढे पुरते.

गैरसमज ४ : एकवीस दिवसांत सवय लागते, आणि एक दिवस चुकला की सारे मुसळ केरात.

वस्तुस्थिती : एकवीस दिवसांची ही आख्यायिका मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकाकडे जाते. शस्त्रक्रियेने बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय होण्यास किमान एकवीस दिवस लागतात, हे त्यांचे निरीक्षण होते. त्यातले ‘किमान’ कालांतराने गळून पडले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २००९ साली प्रथम प्रकाशित झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास लागणारा मध्यक काळ ६६ दिवसांचा निघाला, आणि व्यक्ती व कृती यांनुसार तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणून सलग दिवसांची साखळी दाखवणाऱ्या आकड्याला अवास्तव महत्त्व देऊ नये. पुन्हा पुन्हा येणारे काम लावताना मात्र एक भेद पाहून घ्यावा: काही कामे ठरलेल्या तारखेलाच आली पाहिजेत, काही मागचे काम झाल्या दिवसापासून मोजून यावीत. विजेचे बिल पहिल्या जातीचे, पाण्याची टाकी धुणे दुसऱ्या. टुडूइस्टसारखी ॲपे हे दोन्ही प्रकार देतात. पण निवड चुकली की राहून गेलेल्या कामांची थकबाकी उगाचच चढत जाते.

गैरसमज ५ : आठवण लावली, म्हणजे ती वाजणारच.

वस्तुस्थिती : बॅटरी वाचवण्यासाठी अनेक अँड्रॉइड फोन पडद्याआड चाललेली ॲपे परस्पर झोपवून टाकतात, आणि मग तगादा लावणारे दप्तरच मुके होते. अँड्रॉइडच्या १३ व्या आवृत्तीपासून नव्याने घेतलेल्या ॲपला सूचना दाखवण्यासाठी आपली परवानगी लागते. १४ व्या आवृत्तीत, गजर आणि कॅलेंडर यांची ॲपे सोडली तर, ठरल्या क्षणी वाजण्याचा अधिकारही बहुतेक नव्या ॲपांना आपोआप मिळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन या परवानग्या एकदा तपासाव्यात. औषधाची वेळ किंवा अर्जाची शेवटची तारीख यांसारख्या बाबी कॅलेंडर किंवा गजर यांतही नोंदवाव्यात.

गैरसमज ६ : ॲपमध्ये ठेवलेले कायमचे आणि खासगी असते.

वस्तुस्थिती : कंपन्या विकल्या जातात आणि धोरणे बदलतात. वंडरलिस्ट हे लोकप्रिय ॲप २०१५ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. एव्हरनोटची मालकी बदलल्यानंतर २०२३ च्या अखेरीस त्याच्या मोफत खात्यावर ५० टिपणांची मर्यादा आली. म्हणून ॲप निवडताना त्यात काय काय करता येते हे पाहण्याआधी त्यातून आपला मजकूर बाहेर कसा काढता येतो ते पाहावे, आणि वर्षातून दोनदा तरी त्याची एक प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. गूगल कीपसाठी गूगल टेकआउट ही सोय आहे, नोशनमध्ये एक्स्पोर्टची. खासगीपणाची बाब अशी की, गूगल कीप किंवा नोशन यांत एण्ड-टू-एण्ड एन्क्रिप्शन नसते. म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात साठवलेला असला तरी त्याची किल्ली कंपनीकडे राहते. संकल्प तेथे ठेवण्यास प्रत्यवाय नाही. पासवर्ड आणि बँकेचा तपशील ठेवू नये.

गैरसमज ७ : ही साधने मराठीत चालत नाहीत.

वस्तुस्थिती : उत्तम चालतात. मराठीत बोलून लिहिण्याची सोय गूगलने २०१७ सालीच दिली. अडचण येते ती शोधताना. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एक अखंड अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि ‘अ’ला अर्धचंद्र जोडूनही, डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती भिन्न वाटतात, त्यामुळे एका कळफलकावर लिहिलेले टिपण दुसऱ्यावरून शोधल्यास सापडेलच असे नाही. देवनागरी व इंग्रजी अंकांचेही तेच. खुणेचे शब्द नेहमी एकाच पद्धतीने लिहावेत, हा त्यावरचा साधा बंदोबस्त.

गैरसमज ८ : १ जानेवारी हुकली, म्हणजे वर्ष गेले, आणि संकल्प तसेही टिकत नाहीत.

वस्तुस्थिती : जॉन नॉरक्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षारंभी संकल्प केलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांनी सहा महिन्यांनंतरही यश मिळत असल्याचे सांगितले, बदलाची इच्छा असूनही संकल्प न केलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. तेव्हा संकल्पाची टवाळी अनाठायी आहे. मुहूर्ताविषयी म्हणाल, तर २०१४ सालच्या एका संशोधनात आठवड्याचा, महिन्याचा, शैक्षणिक सत्राचा आरंभ आणि वाढदिवस या सर्वच वेळी लोक नव्या उमेदीने कामाला लागतात असे आढळले. महाराष्ट्राला तर वर्षारंभांची वाण नाही: गुढीपाडवा आहे, १८६७ पासून चालत आलेले १ एप्रिलचे आर्थिक वर्ष आहे, जूनमधली शाळा आहे, आणि व्यापाऱ्यांच्या नव्या वह्यांचा दिवाळी पाडवाही आहे.

या सर्वांतून एकच व्यवहार्य नियम निघतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास काढून ध्येयांची टिपणे उघडावीत, पुढच्या सात दिवसांची कामे त्यांतून यादीत उतरवावीत आणि ज्या ध्येयातून सलग तीन-चार आठवडे एकही काम निघाले नाही त्याचा तिमाहीच्या अखेरीस रोखठोक निकाल लावावा: माप लहान करावे, मुदत वाढवावी, नाहीतर ते खोडावे. ॲप जुने ध्येय वर्षानुवर्षे बिनतक्रार सांभाळील, कारण खोडण्याचा अधिकार त्याला दिलेलाच नाही. आणि मालकाने तो बजावल्यावाचून नव्या ध्येयाला दिवसात जागा होत नाही.