बटण सोपे, मीटर कोणाचे?

आमच्या भंडारा जिल्ह्यात खाण म्हटली की तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी डोळ्यापुढे येतात. तिथे जमिनीतून खनिज निघते, वाघिणीत भरून बाहेर जाते, मजुराची हजेरी लागते. त्या हजेरीत किती अन्याय आहे हा वेगळा विषय. पण काय निघाले आणि कोणाच्या घामाने निघाले, हे तरी दिसते. गेल्या काही वर्षांत मात्र जिल्ह्यात दुसरीच खाण शिरली आहे. मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावात धानाची कापणी आटोपली की पानठेल्यावर बसलेला एखादा पोरगा मोबाईल पुढे करून सांगतो, 'भाऊ, मायनिंग सुरू आहे.' कशाचे मायनिंग, कुठे सुरू आहे, वीज कोणाची जळते आणि माल कोणाच्या घरी जातो, हे विचारले की तो हसतो. त्याला ते कोणी सांगितलेलेच नसते.

आपल्यातीलच काही शिकलेले तरुण आज पुण्या-नागपुरात सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करतात. क्रिप्टोचलनाचा विषय निघाला की त्यांचा एक सवाल असतो. एमएस-सीआयटी केलेल्या, घरी जुना संगणक असलेल्या साध्या माणसालाही चालवता येईल असे मायनिंगचे सोपे अॅप आपणच का बनवू नये? हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बँक, शेअर बाजार, विमा या सगळ्यांची भाषा मुद्दाम अवघड ठेवली गेली आणि त्या अवघडपणावर दलालांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. सोपे करून मागणे हा आपला हक्कच आहे. तेव्हा या सवालाचे उत्तर नीट हिशेब मांडून दिले पाहिजे.

आधी हे मायनिंग म्हणजे काय ते पाहू. बिटकॉइनच्या व्यवहारांची वही जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते. साधारण दर दहा मिनिटांनी त्या वहीला नवे पान जोडले जाते. ते पान जोडण्याचा मान कोणाला, हे ठरवण्यासाठी एक सोडत असते. संगणकाने एकामागून एक आकडे घालून पाहायचे. ज्याचा आकडा नियमात बसला त्याचे पान लागले आणि बक्षिसाची नवी नाणी त्याला मिळाली. यात कोणतेही बुद्धीचे गणित सुटत नाही. नुसती तिकिटे फाडत राहायची. ज्याच्याकडे तिकिटे फाडणारे यंत्र वेगवान, त्याला संधी जास्त. आणि प्रत्येक तिकिटाला वीज लागते.

गंमत अशी की सर्वात सोपे मायनिंग अॅप हे या चलनाच्या जन्मासोबतच आले होते. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचे पहिले पान लागले. सातोशी नाकामोटो या टोपणनावाने लिहिणाऱ्या व्यक्तीने जो प्रोग्राम दिला, त्याच्या मेनूतच नाणी तयार करण्याची खूण होती. ती केली की घरचा साधा संगणक कामाला लागे आणि एका पानाला ५० नाणी मिळत. अॅप त्याहून सोपे ते काय करणार? मग सोपेपण गेले कुठे? ते अॅपमधून गेलेच नाही, ते स्पर्धेने खाल्ले. २०१० मध्ये खेळांसाठी बनवलेली ग्राफिक कार्डे या कामाला जुंपली गेली. २०१३ पासून याच एका कामासाठी घडवलेली यंत्रे बाजारात आली. बक्षीसही दर चार वर्षांनी निम्मे होत एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ नाण्यांवर आले.

आता आकडे मांडून पाहा. घरचा साधा संगणक सेकंदाला कोटी-दोन कोटी तिकिटे फाडतो. आजचे एक चांगले यंत्र सेकंदाला २०० लाख कोटी फाडते. म्हणजे असे एकच यंत्र म्हणजे आपले एक कोटी संगणक. जगात अशी चाळीस लाख यंत्रे धरली आणि त्यांच्या सोडतीत करडीचा एक संगणक एकटाच उतरला, तर त्याचा नंबर लागायला सरासरी पंच्याहत्तर कोटी वर्षे लागतील. एवढ्या काळात वैनगंगा राहील की नाही कोण जाणे! अनेकांनी एकत्र येऊन सोडतीत उतरायचे आणि बक्षीस वाटून घ्यायचे, अशी 'पूल'ची पद्धत २०१० पासून आहे. पण वाटणी फाडलेल्या तिकिटांच्या प्रमाणात होते. सहकारात सर्वांना एक मत असते, इथे तसे नाही.

काही चलने साध्या संगणकावर निघावीत म्हणून मुद्दाम घडवली गेली. मोनेरो या चलनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपली पद्धत त्यासाठीच बदलली. तिथे साध्या संगणकाला थोडेबहुत काही मिळते हे खरे. पण ते विजेच्या बिलाला पुरत नाही.

बिलाचा मुद्दा इथे येतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. जुना टेबलावरचा संगणक पूर्ण जोराने चालला तर १५० वॅट घेतो असे धरू. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला १०८ युनिट. ज्या घराचे बिल ८० युनिटचे होते ते १८८ वर गेले. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांना एक दर आणि त्यापुढच्या युनिटांना त्याहून बराच जास्त दर लागतो, हे आपल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, कारण मीटरवर लक्ष तिचेच असते. सरासरी दहा रुपये युनिट धरले तरी हजार रुपयांच्या वर भुर्दंड बसला. त्यात विदर्भाचा मे महिना, पत्र्याचे छप्पर, संगणकाला थंड ठेवायला वेगळा पंखा आणि वर-खाली होणारा दाब. संगणक दोन उन्हाळे काढेल का, हाही हिशेबच आहे. अॅप बनवणारा मात्र हा हिशेब दाखवत नाही. पडद्यावर फक्त कमाईचा काटा पुढे सरकताना दिसतो. वीज घरमालकाच्या मीटरमधून जाते, ती अॅपला दिसत नाही आणि त्याला ती पाहायचीही नसते.

हे मी हवेत बोलत नाही. नॉर्टन ही संगणकाला विषाणूंपासून वाचवणारी नामांकित कंपनी. २०२१ मध्ये तिने आपल्याच सुरक्षा प्रोग्राममध्ये इथेरियमच्या मायनिंगची सोय घातली. तांत्रिक काही कळायची गरज नाही, बटण दाबा आणि कमवा. सोपेपणात कुठे खोट काढता येणार नाही. पण कंपनी कमाईतील १५ टक्के आपल्याकडे ठेवत होती आणि वीज सगळी ग्राहकाची होती. म्हणजे ग्राहक तोट्यात गेला तरी कंपनी नफ्यात! खोत आणि कुळाचे नाते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. पुढे १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि त्या सोप्या बटणामागचे कामच संपले.

पानठेल्यावरच्या मोबाईलमध्ये जे चालते ते तर याहून वेगळे. १४ मार्च २०१९ रोजी आलेल्या पाय नेटवर्कच्या अॅपमध्ये दिवसातून एकदा बटण दाबायचे असते. त्याला मायनिंग म्हणतात खरे, पण फोन सोडतीची तिकिटे फाडत नाही. बॅटरी खर्च होत नाही, असे बनवणारेच सांगतात. मग खाणीत उतरतो कोण? माणसे जोडणारा. तुम्ही जितके लोक आणाल तितका तुमचा वेग वाढतो. ओळखपत्र द्यावे लागते. नाणे बाहेर विकण्याची वाट खुली व्हायला २० फेब्रुवारी २०२५ उजाडावे लागले, म्हणजे जवळपास सहा वर्षे. इतकी वर्षे रोज बटण दाबणाऱ्या पोराच्या वेळेचे मोल कोणी लावले आहे काय?

सोपेपणाची ही वाट पुढे कुठे जाते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. अमित भारद्वाज याच्या गेनबिटकॉइन योजनेत संगणकही नको आणि वीजही नको होती. तुम्ही बिटकॉइन द्या, मायनिंग आम्ही करू, अठरा महिने दरमहा १० टक्के घ्या. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याला अटक केली. २०१७ साली जमा झालेली रक्कम सुमारे ६,६०० कोटी रुपयांची, असे तपास यंत्रणेचे म्हणणे. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील हे खटले सीबीआयकडे सोपवले. मायनिंगचे नाव होते म्हणून लोकांना वाटले, मागे कुठेतरी यंत्र फिरत असेल. नागपूरकरांना त्याआधीची वासनकर आणि श्रीसूर्याची प्रकरणे आठवत असतीलच. तिथे यंत्राचे नावही नव्हते, तरी पैसे गेले. अशा योजनेचा एजंट बाहेरून येत नाही. तो आपल्या साळ्याचा मित्र असतो, विहारात शेजारी बसणारा असतो, आणि बहुतेक वेळा त्याचेही पैसे बुडालेले असतात.

आमचे काही तरुण इथे बाबासाहेबांना पुढे करतात. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात बाबासाहेबांनी चलन काढण्याची सत्ता राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नये, त्याला पक्की मर्यादा असावी अशी मांडणी केली. बिटकॉइनलाही २ कोटी १० लाखांची मर्यादा आहे, म्हणून बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले असते, असा हा युक्तिवाद. अर्धाच ग्रंथ वाचला की असे होते. मर्यादा हे बाबासाहेबांचे साधन होते. कसोटी होती ती रुपयाच्या खरेदीशक्तीची. ती स्थिर राहिली पाहिजे, भाववाढीने मजुराची मजुरी चोरली जाऊ नये. बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास होते आणि वर्षभरात १६ हजारांपर्यंत घसरले. या नाण्यात धान रोवणाऱ्या बाईची मजुरी द्यायला कोणी तयार होईल काय? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना विजेचे धोरणही बाबासाहेबांकडेच होते. मुबलक आणि स्वस्त विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगाशिवाय दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. कोराडी, चंद्रपूर, तिरोडा इथल्या कोळशाची राख विदर्भाच्या छातीत जाते आणि विदर्भाच्याच शेतकऱ्याने वर्षानुवर्षे मोटर सुरू करायला रात्रपाळीची वाट पाहिली. त्या विजेने सोडतीची तिकिटे फाडायची की नाही, हा प्रश्न अॅप बनवणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा.

असो. तरीही कोणाला असे अॅप बनवायचेच असेल तर जरूर बनवावे. पण करडीच्या माणसासाठी बनवायचे तर त्याचा पहिला पडदा बिलाचा असला पाहिजे. गेल्या महिन्याचे युनिट किती, शेवटचे युनिट कोणत्या दराने पडले, हे अॅपने आधी विचारावे. मग दहा मिनिटे संगणक चालवून पाहावा आणि आजची कमाई किती रुपये, आजची वीज किती रुपये, हे दोन आकडे शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरांत, मराठीत दाखवावेत. नाण्याचे दशांश दाखवू नयेत. शून्याच्या पुढची सात स्थळे वाचून माणूस श्रीमंत झाल्यासारखा भुलतो. वीज जास्त झाली की अॅपने स्वतः थांबावे. करडीत ते बहुधा अकराव्या मिनिटाला थांबेल.

आणखी एक आकडा तिथेच हवा, तो कराचा. २०२२ पासून या कमाईवर ३० टक्के कर आहे आणि मायनिंगला आलेला खर्च त्यातून वजा होत नाही, असे सरकारने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केले. म्हणजे वीज गेली तीही तुमची आणि कर भरायचा तोही तुम्हीच. मोठ्या उद्योगाला खर्च वजा जाता नफ्यावर कर आणि इथे घरच्या संगणकाला मात्र ही सवलत नाही! यावर आपल्या एखाद्या खासदाराने प्रश्न विचारायला हरकत नसावी.

नाण्याची किल्ली ज्याची त्याच्याकडेच राहावी, अॅपवाल्याकडे नको. माणूस जोडला की बक्षीस, ही सोय अजिबात नको, कारण ती आली की अॅपचे काम संपते आणि एजंटगिरी सुरू होते. आपले सरकार सेवा केंद्राच्या किंवा शाळेच्या संगणकावर ते चालूच नये, अशी तजवीज हवी. २०१८ मध्ये आंध्रातील सरकारी संकेतस्थळांत, अगदी तिरुपतीच्या महानगरपालिकेच्या पानावरही, भेट देणाऱ्याच्या संगणकावर गुपचूप मोनेरो काढणारा कोड सापडला होता. सातबारा काढायला आलेल्या माणसाच्या पैशाने भरलेली वीज अशी जाऊ नये.

आणि अॅप काढून टाकण्याचे बटण चालू करण्याच्या बटणाएवढेच मोठे, त्याच पडद्यावर असावे. नॉर्टनच्या अनेक ग्राहकांचा संताप याच गोष्टीवर होता. चालू करायला एक बटण पुरत होते, काढायला मात्र माहीतगार माणूस शोधावा लागत होता.