उजवी चप्पल, डावी चप्पल आणि कॅन्सरचं औषध

पहिलीच्या वर्गाबाहेर रोज दोन-चार मुलं उलट्या चपला घालून निघालेली दिसतात. जोडीतल्या दोन्ही चपला एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. तरी डावी चप्पल उजव्या पायाला बसत नाही. त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. रेणूंमध्येही अशा जोड्या असतात, आणि या गुणाला 'कायरॅलिटी' म्हणतात.

सिसप्लॅटिन हे कॅन्सरवरचं जुनं औषध. अमेरिकेत त्याला १९७८ मध्ये मान्यता मिळाली. हा रेणू चपटा असतो: मधे प्लॅटिनम, एका बाजूला दोन अमोनिया, दुसऱ्या बाजूला दोन क्लोरीन. त्याची आरशातली प्रतिमा त्याच्यासारखीच, म्हणजे इथे डावं-उजवं नाहीच. पेशीत गेल्यावर क्लोरीन सुटतात आणि प्लॅटिनम डीएनएमधल्या शेजारशेजारच्या दोन ग्वानिनना धरून बसतं. डीएनए तिथे वाकतो, त्याची नक्कल नीट होत नाही आणि पेशी मरते.

ऑक्सॅलिप्लॅटिनची गोष्ट वेगळी. ते जपानमध्ये नागोयाला योशिनोरी किदानी यांनी १९७६ मध्ये तयार केलं. यात दोन अमोनियांच्या जागी सहा कार्बनचं एक कडं असतं, त्याला दोन नायट्रोजन जोडलेले. ही जोडणी उजवी किंवा डावी होऊ शकते. औषधात फक्त एकच रूप वापरतात, 'आर-आर'. त्याची आरशातली प्रतिमा 'एस-एस'.

एवढा फरक कशाला पडावा? कारण डीएनए स्वतःच उजव्या पिळाचा जिना आहे, बरं का! पाय उजवा असला की चप्पल कुठली हे बघावंच लागतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिक-रचनेत दिसलं, की कडं डीएनएच्या मोठ्या खाचेत बसतं आणि आर-आर रूपातल्या नायट्रोजनवरचा एक हायड्रोजन ग्वानिनच्या ऑक्सिजनशी बंध जोडतो. एस-एसमध्ये त्या हायड्रोजनची दिशाच बदलते, मग हा बंध तसा जमत नाही. अर्थात औषधाचा सगळा परिणाम या एका बंधावर ढकलू नये. कड्याचा आकारही महत्त्वाचा. त्यामुळे पेशीतली काही दुरुस्ती करणारी प्रथिनं या जागी सिसप्लॅटिनइतकी घट्ट चिकटत नाहीत.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर हे औषध देतात. ते चालू असताना थंड पाण्याला किंवा फ्रिजमधल्या वस्तूला हात लावला तरी बोटांना मुंग्या येतात, म्हणून घरच्यांनी कोमट पाणीच द्यावं.

वर्गात दाखवायचं असेल, तर मातीच्या गोळ्यात चार काड्या वेगवेगळ्या दिशांना खोचा, टोकांना चार रंगांचे मणी लावा आणि आरशासमोर धरून दुसरा गोळा तसाच बनवायला सांगा. फळ्यावर सपाट चित्र काढून हे कळत नाही.