चालणं सक्तीचं, तेही अनवाणी

कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. सुमारे पंचेचाळीस किलोमीटरची वाट, तुळजाभवानीला चालत निघालेल्यांतले कितीतरी जण अनवाणी, आणि त्यांत बायकांचा भरणा मोठा. योगायोग असा की, आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला बौद्धांचा तीन महिन्यांचा वर्षावास याच आश्विन पौर्णिमेला संपतो. वर्षावास संपल्यावर भिक्खुणीने काय करायचं, याचा पाली विनयपिटकात एक नियम आहे. तो पहिल्यांदा वाचताना मी दोनदा मागे जाऊन खात्री केली. पावसाळा संपल्यावर जी भिक्खुणी निदान पाच-सहा योजनं चारिकेला, म्हणजे भ्रमंतीला, निघणार नाही, ती दोषी!

योजनाचं माप ग्रंथागणिक बदलतं, पण ढोबळ हिशेब पन्नास-साठ किलोमीटरचा धरायला हरकत नाही. म्हणजे सोलापूरहून निघून तुळजापूर ओलांडायचंच. नियमामागची कथाही गमतीची आहे. राजगृहात भिक्खुणी बारमाही मुक्काम ठोकून बसल्या, तेव्हा लोकच कुरकुरू लागले, की यांना दुसऱ्या दिशा ठाऊकच नाहीत का? उंबऱ्याबाहेर पाय टाकला म्हणून बाईला नावं ठेवल्याच्या कथा आपण ढिगाने ऐकतो. इथे पाय टाकला नाही म्हणून नावं ठेवली आहेत, तीही बुद्धाच्या काळाच्या संदर्भात सांगितलेल्या कथेत.

आता याच ग्रंथातले बाकीचे नियम शेजारी ठेवू. भिक्खुणीने एकटीने दुसऱ्या गावी जायचं नाही, एकटीने नदी ओलांडायची नाही, एकटीने बाहेर रात्र काढायची नाही. वाट धोक्याची असेल तर व्यापाऱ्यांच्या तांड्याची सोबत घेतल्याशिवाय निघायचं नाही. आजारी नसेल तर वाहनात बसायचं नाही. छत्री आणि पादत्राणं हीसुद्धा आजारी असेल तरच. पादत्राणांच्या बाबतीत विनयात आपल्या मुलखाची एक खूण सापडते. अवंती-दक्षिणापथातली जमीन काळी, खरखरीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली, म्हणून तिकडच्या भिक्खूंना जाड, अनेक पदरी तळाच्या वहाणा वापरायची सूट दिलेली आहे. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानातून जो चालला आहे, त्याला या सवलतीचं कारण समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणजे चालायचं तर आहेच, पण एकटीने नाही. मग कुणाबरोबर? उत्तर नियमातच आहे, धोक्याच्या वाटेवर तांड्याबरोबर. बौद्ध धर्म व्यापारी वाटांनी पसरला हे आपण शाळेत वाचतो आणि विसरतो. भिक्खुणीच्या बाबतीत तांड्याची सोबत हा आचारसंहितेचा भाग होता. वाट धोक्याची असली, तर जिथे बैलगाड्या जात, तिथेच तिला जाता येई.

आणि बैलगाड्या कुठून निघत? एक ठिकाण सोलापूरपासून धाराशिवमार्गे दोनेक तासांवर आहे, गोरोबाकाकांचं तेर. त्याचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे. तिथून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई. (सोलापुरी चादरीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा शेजार लक्षात ठेवावा.) तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ तर पाहाच. ते विटांचं आहे आणि त्याची मागची बाजू कार्ले-भाज्याच्या चैत्यगृहासारखी अर्धगोल आहे. ते मुळात बौद्ध चैत्य होतं, असं अभ्यासक मानतात. आत आता विष्णू उभा आहे.

भीमेच्या काठाने खाली उतरलं तर असंच दुसरं ठिकाण येतं, कलबुर्गी जिल्ह्यातलं सन्नती. सोलापूरकडची अनेक कुटुंबं तिथे चंद्रलांबा देवीच्या दर्शनाला जातात. 1980 च्या दशकात त्या देवळाच्या आवारातल्या कालीमंदिराचं छत कोसळलं आणि मूर्तीखालच्या शिळेवर अशोकाचे आदेश कोरलेले निघाले. जवळच्या कनगनहळ्ळीत 1990 च्या दशकात महास्तूप उघडा झाला. तिथल्या एका शिल्पपटावर ब्राह्मीत थेट अशोकाचं नाव आहे. तिथल्या दानलेखांत भिक्खुणी आहेत. आपल्याकडच्या लेण्यांतही त्या आहेत. कार्ल्याला कोडी नावाची भिक्खुणी स्वतःची ओळख घुणिकाची आई अशी देते. कान्हेरीत धेनुकाकट गावच्या सापा नावाच्या प्रव्रजितेने लेणं आणि पाण्याची पोढी दान केली. पदरात काही न ठेवणाऱ्या बाईने लेणं कसं खोदवलं? माहेरच्या पैशातून किंवा उपासकांकडून गोळा करून, असं अभ्यासक मानतात. गोळा करायला तर हिंडणं आलंच.

इतक्या भिक्खुणी होत्या, तर त्यांचे विहार का दिसत नाहीत? माझ्या मते याचंही उत्तर नियमांत आहे. भिक्खुणींना रानात राहण्याची मनाई होती. त्यांचे उपाश्रय भर वस्तीत असत. जुन्नरच्या एका शिलालेखात नगरातल्या अशा उपाश्रयाचा स्पष्ट उल्लेख आहे. डोंगरातला कातळ टिकला. गावातल्या विटा आणि लाकूड पुढच्या पिढ्यांच्या घरांत गेलं.

तांड्याचा नियम समुद्रावरही लागू पडला, आणि इथून गोष्ट भलतीच लांब जाते. अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन जहाजाने लंकेला गेली आणि तिने तिथे राणी अनुलेला दीक्षा दिली, अशी सिंहली परंपरा. पुढे इ.स. 429 मध्ये नंदी नावाच्या जहाजमालकाबरोबर काही सिंहली भिक्खुणी चीनच्या तेव्हाच्या राजधानीत, आजच्या नानजिंगमध्ये, उतरल्या. पण दीक्षेला दहा भिक्खुणी लागत आणि संख्या भरत नव्हती. मग काय, आलेल्या बायका थांबल्या आणि चिनी भाषा शिकू लागल्या. 433 मध्ये तोच नंदी आणखी अकराजणींना घेऊन आला, आणि तीनशेहून अधिक चिनी स्त्रियांना रीतसर दीक्षा मिळाली. सहाव्या शतकात बाओचांग या भिक्षूने चीनमधल्या पासष्ट भिक्खुणींची चरित्रं लिहून ठेवली, म्हणून हे आज कळतं. त्या जहाजमालकाने नफा किती कमावला याची नोंद असती, तर मी ती आधी वाचली असती.

लंकेत अकराव्या शतकाच्या सुमारास, चोळांच्या स्वाऱ्यांच्या काळात, भिक्खुणीसंघ संपला. चीनमध्ये रुजलेली शाखा मात्र कोरियात आणि तैवानमध्येही जगली. मग उलटा प्रवास झाला. डिसेंबर 1996 मध्ये सारनाथला कोरियन भिक्खुणींच्या मदतीने दहा सिंहली स्त्रियांना दीक्षा मिळाली. फेब्रुवारी 1998 मध्ये तैवानच्या फो गुआंग शान विहाराने बोधगयेत मोठा दीक्षाविधी केला आणि त्यात भारतीय स्त्रियाही होत्या. थेरवादातले, म्हणजे लंकेतल्या परंपरेतले, काही ज्येष्ठ भिक्खू ही दीक्षा आजही मानत नाहीत, कारण मधला दुवा चिनी परंपरेतला. पण लंकेहून नानजिंगला गेलेल्या बायका विचारात घेतल्या, तर हा आक्षेप मला फारसा पटत नाही.

14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात वर्षावास पुन्हा घराघरांत आला. आषाढ ते आश्विन विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालतं. सोलापुरात बुधवार पेठेतल्या मिलिंदनगरची प्रेरणाभूमी बाबासाहेबांच्या अस्थी जपते. आज महाराष्ट्रात भिक्खुणीही आहेत. त्या विहारांत धम्मदेसना देतात, आणि श्रोत्यांत पुढच्या रांगा बहुधा बायकांच्याच असतात. एसटीत बसलेली भिक्खुणी दिसली तर वाहनाच्या नियमाची आठवण करून देण्याचा मोह टाळावा. अडीच हजार वर्षांच्या त्या ग्रंथपरंपरेत अपवादांची यादी नियमांइतकीच लांब आहे.